नीलव्वाची प्लेट

हे मी एका माणसाशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि त्या एका माणसाला सांगितलं तेही किती उशिरा—पण थांबा. सुरुवातीपासून सांगते. नाहीतर मी नेहमीसारखी शेवटाकडे पळेन, आणि लाज तर सगळी मधल्या वर्षांत आहे.

मला जुन्या वस्तूंचा नाद. राजारामपुरीत आमचं औषधाचं दुकान होतं. आठवडाभर मी आणि हे काउंटरवर उभे असायचो. रविवारी दुकान बंद केलं, की मी कापडी पिशवी घेऊन जुन्या बाजारात. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या अंथरलेल्या असायच्या आणि त्यांवर मोडके पंखे, किल्ल्या नसलेली कुलपं, स्टोव्हचे बर्नर. त्या ढिगातून मी काय काय उचललं! घोड्याच्या तोंडाचा अडकित्ता, निळ्या फुलांची चिनी मातीची बरणी. आणि सगळ्यात जास्त तबकड्या. आमच्याकडे त्यांना प्लेटा म्हणायचे. तेव्हा कॅसेटचे दिवस होते, घराघरांतून प्लेटा भंगारात निघत होत्या, आणि मी त्या जवळजवळ फुकटात घरी आणत होते. चांगली वस्तू चुकीच्या ढिगात दिसली की छातीत काय होतं, ते हा नाद असलेल्यांनाच कळेल. चोरी न करता चोरीचा आनंद—असं मी हसत हसत म्हणायचे. आता म्हणत नाही.

प्लेटा जमवणाऱ्यांचं गावात एक टोळकं होतं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी सोप्यात ग्रामोफोन लागायचा. सगळे पुरुष, मी एकटी बाई. माझ्या हातात प्लेट देताना हमखास कुणीतरी म्हणायचं, ‘जपून हं, वहिनी.’ मला ते लागायचं. एकदा तरी अशी प्लेट न्यावी की यांनी माझ्या हाताकडे बघत बसावं—वाटायचं की नाही? वाटायचं. फार वाटायचं.

एका रविवारी हुसेनचाचांच्या ताडपत्रीवर प्लेटांचं खोकं दिसलं. मी एकेक काढून बघायला लागले, तर चाचा कावले.

“खोकंच उचला की, वैनी. एकेक काय बगत बसलाय!”

उचललं. घरी आणून ओल्या फडक्यानं पुसत बसले. तळाच्या एका प्लेटेवर नाव होतं—मिस नीलव्वा. कधी न ऐकलेलं. ग्रामोफोनला चावी दिली, सुई ठेवली. आधी खरखर, मग कुणीतरी हळूच घसा साफ केला, आणि ती गायला लागली. नाटकातलं पद होतं. आवाज उंच, थोडा खरबरीत, कुणाची पर्वा नसलेला. मी फडकं हातात धरून तशीच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी टोळक्यातले एक जाणते गृहस्थ खोकल्याचं औषध न्यायला आले, त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, “फिरत्या नाटक कंपनीत होती म्हणतात. एकच प्लेट निघाली. कुणाकडं बघितली न्हाय कधी.”

कुणाकडं न्हाय! मी दिवसभर चुकीची औषधं कशी दिली नाहीत, देव जाणे.

पुढच्या बैठकीला प्लेट न्यायचं मी ठरवून टाकलं होतं. पण त्याच्या आधीच्या रविवारी हुसेनचाचांकडे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, हातात छत्री. चाचा मला बघून म्हणाले, “ह्या वैनींना इचारा, अण्णा. प्लेटांचं सगळं ह्यास्नीच ठावं.”

अण्णा माझ्याकडे वळले. गडहिंग्लजचे, किराणा दुकानात उभं आयुष्य काढून आता मुलाकडे कोल्हापुरात राहायला आलेले.

“आमच्या अव्वाची, आईची प्लेट हुडकतोय, ताई,” ते म्हणाले. “नीलव्वा नाव. लग्नानंतर गाणं सोडलं तिनं. मी लहान असतानाच गेली. घरात प्लेट हुती, पण वाजवायला ग्रामोफोन न्हवता, आणि वाटण्या झाल्या तवा ती कुठं गेली कुणाला ठावं न्हाय. तुमच्या बगण्यात आलीय का?”

काय सोपं होतं! ‘आहे माझ्याकडे, चला घरी’—एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “नाही हो. कधी ऐकलंसुद्धा नाही हे नाव.”

का? तेव्हा विचार करायला वेळ नव्हता असं मला म्हणता येईल. पण वेळ होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यांचं बोलणं पूर्ण ऐकलं होतं. मनात एकच आलं—गेली, माझी प्लेट गेली. म्हणून खोटं बोलले.

आणि गंमत बघा, त्या खोट्यानं माझ्या हाती काहीच लागलं नाही. आता ती प्लेट बैठकीला नेणार कशी? एकाच्या तोंडून दुसऱ्याकडे जाऊन गोष्ट अण्णांच्या कानावर गेली असती. जी दाखवायची म्हणून ठेवली, ती कपाटात पातळांच्या खाली गेली. कधीमधी हे दुकानात असताना मी ती काढायचे, भोंग्यात टॉवेल कोंबून हळू आवाजात लावायचे. स्वतःच्या घरात, भर दुपारी, दार लावून.

अण्णा बाजारात येत राहिले. माझ्याशी ओळख वाढली. “तुमची नजर बारीक हाय, ताई. तुमास्नीच घावंल बगा,” म्हणायचे. शोधायचं काम त्यांनी माझ्यावरच सोपवलं! आणि मी—मी मान डोलवायचे. ढिगातल्या प्लेटा उलटून बघायचे, त्यांच्यासमोर, खोटं खोटं. याहून हलकं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

त्यांची थोरली बहीण, अक्का, गडहिंग्लजलाच असायची. अंथरुणाला खिळलेली. अव्वाचं गाणं ऐकलेलं माणूस तेवढंच उरलं होतं. अण्णांना स्वतःला काहीच आठवत नव्हतं. “अक्का पडल्या पडल्या दोन ओळी म्हणती,” ते सांगायचे, “पुढचं इसरलीय. प्लेट घावली की गाडी करून नेतो. तिला पुढचं ऐकवायचं हाय.”

पुढचं मला पाठ होतं.

अशी किती वर्षं गेली? पुष्कळ गेली. दर वेळी वाटायचं, आता काढून द्यावी. पण मग इतके दिवस कुठे होती, असं विचारलं तर? जितका उशीर होत गेला, तितकं देणं अवघड होत गेलं. शेवटी अण्णा बरेच रविवार दिसले नाहीत. मग एकदा आले ते हुसेनचाचांच्या स्टुलावर बसून राहिले. ढिगाकडे बघितलंसुद्धा नाही.

“अक्का गेली, ताई. आता घावली तरी कुणाला ऐकवू?”

त्या आठवड्यात मी त्यांना घरी बोलावलं. प्लेट टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “परवा सांगलीच्या बाजारात मिळाली.” ऐकलंत? तेव्हाही खोटंच.

अण्णांनी नावावरून बोट फिरवलं. मी सुई ठेवली. खरखर झाली, घसा साफ केल्याचा तो आवाज आला, आणि अण्णांनी माझा हात घट्ट धरला. गाणं सुरू व्हायच्या आधीच.

“अव्वा,” ते म्हणाले. “अशीच खाकरायची. हाक मारायच्या आधी.”

पुढचं गाणं त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते रडत होते आणि हसतही होते. जाताना मला वाकून नमस्कार करायला लागले, मी मागे सरकले. त्यांना वाटलं, हा माझा विनय.

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्या बाजाराला पेढे वाटले. “ताईंनी माझी अव्वा आणून दिली.” टोळक्यातल्यांनी माझं कौतुक केलं. कुणी ‘जपून’ म्हणेनासं झालं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि दर दिवाळीला अण्णांच्या सुनेच्या हातच्या शेंगाच्या पोळ्या घरी यायला लागल्या. हे आवडीनं खायचे. मी एक घास तोंडात फिरवत बसायचे.

त्या पोळ्यांनीच मला हरवलं. एका दिवाळीत डबा परत द्यायला म्हणून मी स्वतः अण्णांच्या घरी गेले. ते एकटेच व्हरांड्यात बसले होते. खूश झाले. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर बोलू शकले नसते. प्लेट सांगलीची नाही. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हाही माझ्या कपाटात होती. अक्का होत्या तेव्हाही होती.

त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, बाजूला ठेवला. मग म्हणाले, “अक्का जाताना सुदीक तेच म्हणत हुती. दोनच ओळी.”

मी मान खाली घातली.

“तिला पुढचं आठवत नव्हतं, बाई.” ताई नव्हे, बाई. “तुझ्या कपाटात हुतं व्हय?”

“हो.”

“मग पेढं का वाटू दिलंस मला?”

त्यांनी छत्री उचलून फाटकाकडे दाखवली. “जावा आता.” आवाज चढवला नाही. माझ्या नावानं बाजारात बोभाटा केला नाही. पण पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. समोरून आले तर पलीकडच्या कडेनं जायचे. हुसेनचाचांनी एकदा विचारलं, काय बिनसलं? मी म्हणाले, माझं चुकलंय. काय चुकलं ते नाही सांगितलं.

पुढच्या दिवाळीला पोळ्या आल्या नाहीत. आणि खरं सांगू? त्या दिवशी मी पोटभर जेवले. हे म्हणाले, यंदा फराळ गोड लागलेला दिसतोय तुला. लागला होता. इतकी वर्षं माझ्याबद्दल एक माणूस चुकीचं समजून चालला होता, आता बरोबर समजत होता. तो राग माझा होता, माझ्या मापाचा. आभार कधीच माझे नव्हते.

नंतर अण्णाही गेले. माफी त्यांनी दिली नाही, मी मागितलीही नाही. मागायला तोंड कुठे होतं? अक्काला मी कधी पाहिलंही नाही. पण तिच्या तोंडच्या दोन ओळींनंतरची तिसरी मला येत होती, ती जिवंत होती तेव्हा येत होती, आणि मी भोंग्यात टॉवेल कोंबून ती एकटी ऐकत होते.

असं केलं मी. आता तुम्हालाही ठाऊक आहे.