सासरची वाटी

आमच्याकडे मंगळसूत्र तुटलं असं कोणी म्हणत नाही, ‘वाढवलं’ म्हणतात. फुटलेली बांगडीसुद्धा वाढवलेलीच असते. अभद्र शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण मंगळसूत्रातली वाटी पांढरी पडली तर काय म्हणावं, याची सोय कोणी करून ठेवलेली नव्हती. म्हणून आईनं फोनवर सरळच सांगितलं, “गो, माझी वाटी पांढरी झाली.”

मी कणकवलीला पेपर तपासत बसले होते. म्हटलं, “स्टीलची गो? चिंच लाव.”

“गळ्यातली. सासरची.”

मग मात्र पेन खाली ठेवलं. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक माहेरची, एक सासरची. म्हणजे आईच्या हिशेबी सासरची वाटी ही बाबांची. आणि बाबा चार दिवस तापानं अंथरुणात होते. गुडघाभर चिखलात भातातलं तण काढून आले आणि दुसऱ्या दिवशी आडवे झाले. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या, पण लेप्टोचा, म्हणजे चिखलपाण्यातून लागणाऱ्या उंदीर-तापाचा, संशय होता आणि रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. आमच्या भागात लेप्टो म्हटलं की शेजारीपाजारी आवाज खाली आणतात.

“ह्येंका सांगू नको,” आई म्हणाली. “तू ये.”

मी विज्ञानाची शिक्षिका. शकुन-अपशकुनाची भाषा ऐकली की माझं डोकं फिरतं. स्कूटर काढली ती याच तोऱ्यात, की सोनं खोटं आहे, सोनारानं फसवलंय, आता त्याची खरडपट्टी काढायची. चाळीस वर्षांनी का होईना, पण काढायची. खरं सांगायचं तर, सोनार खोटा असला तर बाबा खरे बरे होतील, असा काहीतरी उफराटा विचार त्या चिडण्याच्या तळाशी होता.

घरी पोचले तर आई गळ्याशी पदर आवळून बसलेली. दोन दिवस ती अशीच बाबांसमोर वावरत होती. मंगळसूत्र काढून द्यायला तयार होईना. नवरा आजारी आणि गळा मोकळा, हे तिला सोसणारं नव्हतं. शेवटी मी हळदीत दोरा पिवळा केला, त्यात हळकुंड बांधलं, ते तिच्या गळ्यात घातलं आणि मगच तिनं मंगळसूत्र माझ्या हातात ठेवलं. शेजारच्या खाटेवर बाबा डोळे मिटून पडले होते. अंग अजून कढत होतं. किती ताप आहे म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, थर्मामीटर दोन दिवस सापडत नाही. बाबा डोळे न उघडता म्हणाले, “कपाटात आसतलो.”

आचऱ्याचा सोनार आता सत्तरीचा आहे. आईच्या वाट्यांमधली सासरची त्याच्या वडिलांनी घडवलेली. मी वाटी त्याच्यापुढे टाकलीच म्हणायची. “चांदीवर पाणी दिलंत ना? आता पाणी उतरलं.”

तो चिडला नाही. गिऱ्हाइकाचा राग हा सोनाराच्या धंद्यातला अर्धा पगार असावा. त्यानं वाटी खिडकीशी नेली, बोटानं चोळली, मग कडेनं कसाच्या दगडावर एक रेघ ओढली. रेघ पिवळी उठली.

“तुझ्या आजयेची कुडी मोडून केलली वाटी ही. सोना चोख आसा,” तो म्हणाला. “बाय, घरात ताप मोजूची नळी फुटली काय?”

“नाही.”

“मगे पारो खंयसून इलो? सोना पारो पिता, बाय. दिसलो काय पिता.”

मी दुकानातच फतकल मारून बसले. बारा वर्षं मी फळ्यावर लिहितेय, पारा आणि दुसरा धातू एकत्र येऊन पारदसंमेल होतो. दोन गुणांचा प्रश्न. मुलांनी उत्तर चुकवलं की मी म्हणते, पालथ्या घड्यावर पाणी. आणि तोच पारदसंमेल आईच्या गळ्यात लटकत होता, तर मला सोनारात चोर दिसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सोनारानं मग दुसरी वाटी उलटी केली. आतल्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग होता. “ह्या बघ, माहेरच्या वाटीकय लागलो हा. आवशीक सांग, पारो सासर-माहेर बघणा नाय.”

तो डाग बघून मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतका वेळ मी स्वतःला शास्त्र सांगत होते, पण सासरचीच वाटी का, हे माझ्याही मनात टोचत होतं.

त्यानं दोन्ही वाट्या ओवणीतून सोडवल्या आणि मागच्या उघड्या अंगणात नेल्या. मला म्हणाला, “वायच लांब रव, वारो तुझ्याकडे आसा.” पाऱ्याची वाफ वाईट. त्याच्या आजोबांनी उभा जन्म देवांच्या मुखवट्यांना सोन्याचा मुलामा दिला. सोनं पाऱ्यात कालवून मुखवट्याला फासायचं, मग तापवायचं, पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. म्हातारपणी त्यांचे हात असे थरथरत, की चहाची बशी धरवत नसे. हे सांगताना त्यानं स्वतःचे हात एकदा पाहिले, मग ज्योत पेटवली.

पांढरेपणा आधी मळकट झाला, मग विरला. खालून पिवळं वर आलं. खरखरीत होतं, झिलई नव्हती, पण पिवळं होतं. रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासून, पॉलिश करून त्यानं वाट्या पुन्हा ओवून दिल्या. माझा जीव भांड्यात पडला. माफी मागितली, बाबांच्या तापाचंही सांगितलं, तर म्हणाला, “बापूस बरो झालो काय सांगून जा.”

घरी आले आणि सरळ बाबांना बाजूला बसवून त्यांची गादी उचलली. कडेला, खाटेच्या खुरापाशी, थर्मामीटरचे दोन तुकडे. चादरीच्या घडीत पाऱ्याचे बारीक मणी लपलेले. आई रोज ओणवी होऊन ती चादर खोचायची, तेव्हा वाट्या तिथे घासत होत्या.

बाबांनी आईकडे बघत चोरी पकडल्यासारखं तोंड केलं. “एकशे चार होतो. तू बघतलंस म्हणान झटकून खाली उतरवूक गेलंय, तर खाटेक आपाटलो.”

आईनं त्या दोन तुकड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, “तुमका अक्कल आसा काय हो?”

“आणि तू? दोन दिस पदर गळ्याक धरून बसललंस,” बाबा म्हणाले. “माका वाटला, डॉक्टरान तुका कायतरी सांगल्यान आणि तू माझ्यापासून लपयतंस.”

तिनं घाबरू नये म्हणून त्यांनी ताप लपवला, त्यांनी घाबरू नये म्हणून तिनं वाटी लपवली, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघून दोन दिवस मरणाच्या गोष्टी मनात करत राहिले. मी खिडक्या उघडल्या, दोघांना पडवीत बसवलं, कागदानं मणी गोळा करून पाण्याच्या बाटलीत बंद केले आणि चादर-गादी बाहेर काढली. शिक्षिकेचं एवढं तरी ज्ञान त्या दिवशी कामी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्टचा फोन आला. लेप्टोच होता, पण गोळ्या वेळेवर सुरू झाल्या होत्या. संध्याकाळी बाबांना घाम फुटला आणि त्यांनी पेज मागितली, वर सुक्या बांगड्याचा तुकडाही. आई आत गेली, आदल्या दिवसापासून देवापुढे ठेवलेलं मंगळसूत्र घातलं, आणि हळकुंड काढायचं विसरली की मुद्दाम ठेवलं, ते मी विचारलं नाही.

आता घरात आकडे दाखवणारा, बिनपाऱ्याचा नवा थर्मामीटर आहे. पिक् वाजला की बाबा तो आपणहून तिच्या हातात देतात. आई चष्मा लावते आणि आकडा, असेल तो, मोठ्यानं वाचते.