तक्रारीत न लिहिलेली मगर

तळ्याच्या फाटकावर बसणाऱ्या त्या बाईचा मला पहिल्या रविवारीच राग आला.

मी बिरवाडीच्या शाळेत शिक्षिका. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण बिरवाडीत चालायचं कुठे? रस्त्यावर टँकर, कंपन्यांच्या बस, आणि वारा फिरला की घसा खवखवणारा वास. म्हणून दर रविवारी सकाळी मी स्कूटरवरून नाते गावापुढच्या तळ्यावर जायला लागले. तळं धरणाचं, त्याच्याभोवतीचं जंगल प्राण्यांसाठी राखून ठेवलं होतं आणि काठाकाठाने एक पायवाट आखली होती. भेकरं पाण्यावर यायची, झाडांवर वानरं असायची, पलीकडे मगरी उन्हात पडलेल्या दिसायच्या.

ती बाई माझ्याच वयाची. साडीवर खाकी शर्ट, हातात बांबूची काठी. पहिल्याच दिवशी तिने माझी पिशवी उघडायला लावून बिस्किटांचा पुडा काढून घेतला.

"वानरांना टाकाल."

"मला चक्कर येते, म्हणून जवळ ठेवते मी."

"सगळी असंच सांगतात."

परत निघताना तिने पुडा दिला, पण दिला म्हणजे माझ्यापुढे आपटला.

मीही काही कमी नव्हते. मी तिला "तुम्ही" म्हणायचे, पण अशा आवाजात की तिला ते लागावं. एकदा इतर फिरणाऱ्यांशी बोलताना, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "खाकी कपडा अंगावर चढला की डोक्यातही चढतो." ती उठून समोर आली.

"ह्या पाण्याखाली माजं भाताचं खाचर हाय," ती म्हणाली. "तुमी पाय मोकळं कराया येता. मी हितं माज्याच शेताची राखण करते."

"मग त्याचा राग आमच्यावर कशाला?"

ती काठी टेकत परत खुर्चीत जाऊन बसली. पुढच्या रविवारपासून मला बाहेर निघायला पाच मिनिटं उशीर झाला तरी ती लांबून शिट्टी मारायची, गुरांना मारतात तशी.

उन्हाळा लागला तेव्हा मी शाळेतल्या दोन नव्या शिक्षिकांना घेऊन गेले. त्या जागेचं मी आठवडाभर कौतुक केलं होतं. काठावर जिथे वाळू आहे तिथे वाटेला आडवी दोरी बांधलेली, आणि दोरीपाशी ती उभी.

"पुढं बंद हाय."

"का?"

"मगरीनं वाळूत अंडी घातलीत."

"बोर्ड कुठे आहे?"

"मी सांगते तोच बोर्ड."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, ही मुद्दाम करतेय, यांच्यासमोर मला परत फिरवायचं आहे हिला. मी दोरी वर केली आणि वाकून पलीकडे गेले. ती मागून ओरडली. मी मान वळवली नाही.

वाळूत वीस-पंचवीस पावलं गेले असेन. डाव्या हाताला एक उंचवटा होता आणि त्याच्यामागे लाकडाचा ओंडका. तो ओंडका पायांवर उठला. तोंड उघडलं आणि कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी इतकं घट्ट आवळलं की काचेच्या बांगड्या फुटल्या. ती एका हाताने मला ओढत होती आणि दुसऱ्या हाताने जमिनीवर काठी आपटत होती. मी पडले. तिने मला तशीच फरफटत दोरीपर्यंत आणलं. मगर थोडी पुढे आली, थांबली आणि पुन्हा उंचवट्यापाशी गेली.

"मरायचं असंल तर सावित्री नदीत जाऊन मर!" ती माझ्या तोंडावर ओरडली. "हितं मेलीस तर माजी भाकरी जाईल! अक्कल गहाण टाकून आलीस काय गो?"

माझ्या मनगटातून रक्त येत होतं, साडी गुडघ्यापर्यंत फाटली होती. दोघी शिक्षिकांपैकी एक घाबरून हसली. ते हसू मला मगरीपेक्षा जास्त झोंबलं.

त्याच संध्याकाळी मी वनखात्याला तक्रारअर्ज लिहिला. फाटकावरील कर्मचारी महिलेने एकेरी भाषा वापरली, हात धरून ओढलं, इजा केली. एकही शब्द खोटा नव्हता. मनगटाचा फोटो जोडला, दोघींच्या सह्या घेतल्या. मगरीबद्दल मी लिहिलं नाही. विसरले नव्हते. लिहिलं असतं तर तक्रार उरली नसती, हे मला लिहिताना नीट कळत होतं.

दोन आठवड्यांनी गेले तर खुर्चीत एक माणूस मोबाइल बघत बसलेला. त्याने पिशवी पाहिली नाही, मान वर केली नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. मग मी वाळूपाशी पोचले. दोरी खाली पडली होती. वाळूत बुटांचे ठसे, दगड, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. उंचवटा उकरलेला आणि सगळीकडे पांढरी टरफलं. मगर कुठेच नव्हती.

"लोकांनी दगड मारून तिला पाण्यात घालवली," तो माणूस म्हणाला. "मग कुत्री आली."

मी तिथून विचारत विचारत तिच्या घरी गेले. ती अंगणात सुपाने वाल पाखडत होती. बसा म्हणाली नाही.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी दुसरा अर्ज देते."

"पयल्यात हात धरला ते लिवलंत?"

"हो."

"एकेरी बोलले ते?"

"हो."

"मगर लिवलीत?"

मनगटावरची खूण मी पदराखाली घेतली.

"सायबानं माज्यासमोर वाचला," ती म्हणाली. सुपाचा हात थांबला नव्हता. "मी इचारलं, यात मगर कुटं हाय? सायेब म्हणाला, बाई शिकलेल्या हायत, मगर असती तर लिवली असती त्यांनी." मग वर न बघता म्हणाली, "सरका. कोंडा उडतोय."

दुसरा अर्ज मी मगरीसकट लिहिला. दोघी शिक्षिकांनी सही केली नाही. "आम्ही मगर नीट पाहिलीच नाही," म्हणाल्या. कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचला, "आता लिहून काय उपयोग? जागा भरली," म्हणाले आणि फाइलमध्ये लावून टाकला. तिला परत घेतलं नाही.

आता ती औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या कँटीनला भांडी घासते, असं कळलं. सकाळी शाळेत जाताना बिरवाडीच्या थांब्यावर दिसते. एकदा मी स्कूटर थांबवून "कशा आहात?" विचारलं. तिने शेजारच्या बाईला फक्त "हीच ती" म्हटलं, आणि दोघींनी माझ्याकडे पाठ केली. मी स्कूटर सुरू केली. चीड आली, तिचीच. माझ्या चुकीची एवढी खात्री असूनही तिचीच चीड आली, आणि शाळेच्या फाटकापर्यंत ती चीड गेली नाही.