ती डबी मीच फोडली

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे मुद्दाम लावतोय, कारण दुपारी तुम्ही सगळ्यांनी बघितलंय.

लेथवर लाकूड कातायची हौस असलेले आपण जमलो, आपापल्या वस्तू मांडल्या. निपाणीच्या रायाप्पाण्णांची शिसवी कुंकवाची डबी हातोहात फिरत होती. झाकणाची फटच दिसत नव्हती.

माझ्या पोटात दुखलं. "डिंकानं चिकटवलंय हे," म्हणालो आणि पटाशीनं झाकण उचकटलं. डबी चिरली. डिंक कुठंच नव्हता. झाकणच इतकं नेमकं बसलं होतं.

अण्णा तुकडे गोळा करत म्हणाले, "माझंच चुकलं रं. हळू फिरवून काढ, असं सांगायला पायजे होतं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुढच्या बैठकीला माझं वाकडं लाटणंसुद्धा ते कौतुकानं बघतील. तेव्हा मी कुठं बघू, सांगा.