तापीचा नसलेला मासा

पत्र आलं तेव्हा सुधाकरला जाऊन तेवीस दिवस झाले होते. एका मत्स्यतज्ज्ञाचं, आम्ही फोटो पाठवल्यावर चार वर्षांनी! 'फोटोंवरून तुमचं म्हणणं बरोबर दिसतं. नमुना पाठवा, नाव पक्कं करू.' नमुना... कपाळ माझं! कुठून पाठवू?

तापीकाठच्या राजपुऱ्यातल्या आमच्या शाळेत सुधाकर जीवशास्त्र शिकवायचा, मी गणित. देशाचा बाजार जगाला नुकताच खुला झाला होता, घराघरात माशांच्या काचेच्या पेट्या आल्या होत्या आणि कंटाळा आला की लोक त्यातले मासे खुशाल तापीत ओतत होते. एक दिवस घाटावरच्या कोळ्याने बोटाएवढा मासा आणून दिला. म्हणाला, "गुरुजी, ये अपनी नदी की नहीं लगती." अंगावर खवले नाहीत, हाडाच्या पट्ट्यांच्या दोन रांगा, कौलं शाकारल्यासारख्या. तोंडाशी मिशा. दक्षिण अमेरिकेतला मासा, हे सुधाकरला आठवड्यात कळलं. पण दिसायला सारख्या चार-पाच प्रजाती, त्यातली नेमकी कोणती? ते ठरल्याशिवाय माशाच्या नावाचा दुसरा अर्धा भाग लिहिता येत नव्हता. शाळा सुटली की तो भिंग लावून पट्ट्या मोजायचा, मी आकडे लिहायचो. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून! औषधी पाण्यात जपलेल्या त्या माशाची बरणी घेऊन कॉलेजातल्या एका बड्या प्राध्यापकाकडे गेलो, तर तो बरणीकडे न बघताच हसला. "तापीत अमेरिकेचा मासा? मास्तर, जरा भूगोल वाचा!" माझं डोकंच सणकलं. सुधाकर मात्र शांतपणे बरणी पिशवीत ठेवत म्हणाला, "चिडतोस काय? पुन्हा मोजू." त्याच्या त्या शांतपणाचाही मला आज राग येतो. एकदा तरी ओरडायचं होतंस रे!

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचे थोरले बंधू बरणी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "मेलेला मासा घरात कशाला? याच्यावर जीव होता त्याचा. अस्थींबरोबर तापीतच सोडतो." जन्मभर जो सांगत राहिला की हा तापीचा नाही, तापीत टाकू नका, त्याचा मासा तापीत! त्या घरात हे कळणारा मी एकटा होतो. आणि मी काय केलं? रडत होतो, 'हो' म्हणून मान हलवली. प्राध्यापकाला शिव्या कसल्या देतोय मी... त्याने निदान बरणी रिकामी केली नव्हती.

पत्र घेऊन परवा त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने, वहिनींनी, बरणी धुऊन, पुसून पुन्हा खिडकीत ठेवली आहे. बरणीवरची नावाची चिठ्ठी तशीच आहे. सुधाकरच्या अक्षरात माशाचं अर्धं नाव, आणि पुढे उरलेल्या अर्ध्यासाठी सोडलेली जागा.