फुलसावंगीचे पाच शब्द

दारव्ह्याच्या स्टँडबाहेर जीपमध्ये चढताना वरच्या लोखंडी दांड्यावर माझं डोकं असं आदळलं, की आतली सगळी माणसं एकदम ‘अरे बापा’ म्हणाली.

“बाई, जास्त लागलं का?” ड्रायव्हरने विचारलं.

“काही नाही हो, चला.”

चक्क खोटं बोलले. कानामागे टेंगूळ आलं होतं आणि पुढे तासभर मळमळत होतं. आता गंमत बघा, मी डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंना तपासणारी डॉक्टर. ‘काही नाही’ म्हणणाऱ्याचं कधी ऐकायचं नाही, हे मीच जगाला शिकवते.

नाशिकहून निघताना पोचवायला कुणी नव्हतं, पोचले म्हणून कळवायलाही कुणी नव्हतं. घरी मी एकटी. पूर्वी हे सांगायची लाज वाटायची, आता नुसतं वाईट वाटतं. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत कबड्डीची स्पर्धा होती, मैदानावर डॉक्टर हवा होता. दोन दिवस माणसांत जातील म्हणून मी हो म्हटलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी (कपाशी) आणि मधल्या ओळींत पिकत आलेली तूर. शेजारची म्हातारी फल्ली (भुईमुगाच्या शेंगा) सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होती.

“एकल्याच आल्या?”

“हो.”

“काहून (का)?”

मी शेंगदाणे खात राहिले.

पहिल्याच दुपारी एका पोराचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. मी त्याला खुर्चीत बसवलं. अशा वेळी पाच साधे शब्द सांगायचे, लगेच म्हणून घ्यायचे, मग डोळे, मान, तोल तपासायचा आणि दहा मिनिटांनी तेच शब्द पुन्हा विचारायचे. मेंदू हादरला असला तरी माणूस चालतो, बोलतो, हसतोसुद्धा. नवी गोष्ट मात्र डोक्यात टिकत नाही.

“कंदील, लिंबू, चटई, घोडा, साबण,” मी म्हटलं. पाहुण्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं गावालाही ऐकू जावं म्हणून निवेदकाने मोठ्या कौतुकाने माझ्या तोंडासमोर माईक धरला होता. पाचही शब्द भोंग्यांवरून गल्लोगल्ली गेले. पोरगा ठीक निघाला. संध्याकाळी चहावाल्याने कप पुढे करत म्हटलं, “घ्या मॅडम, कंदील, लिंबू, चटई!” मी कितीतरी दिवसांनी हसले. गावाने मला ओळखलं होतं, आणि मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. ढाणकीचा संघ पुढे होता तो गजाननच्या जोरावर. चढाईला निघाला की मैदान गप्प व्हायचं. कप्तान त्याचा थोरला भाऊ, प्रल्हाद. उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच गजाननची पकड झाली आणि त्याचं डोकं मागच्या मागे जमिनीवर आपटलं. उठला, माती झटकली, म्हणाला, “काही नायी झालं.”

मी त्याला बाहेर घेतलं. आता माईक बंद करायला लावला आणि नवे शब्द त्याच्या कानात सांगितले, “पायरी, मध, बैल, सुई, टोपी.” त्यानेही ते माझ्या कानात बरोबर म्हटले. डोळे ठीक, तोल किंचित जात होता. दहा मिनिटं झाली तेव्हा भोवती निम्मं गाव जमलं होतं.

“गजानन, शब्द सांग.”

त्याने छाती काढून सांगितलं, “कंदील, लिंबू, चटई, घोडा, साबण!”

टाळ्या पडल्या. गजानन मैदानाकडे निघाला. मी त्याचं मनगट धरलं.

“आज खेळायचं नाही.”

“काहून?” प्रल्हाद अंगावर आला. “पाचच्या पाच सांगतले ना त्यानं. साऱ्या गावानं आयकलं.”

“ते कालचे शब्द आहेत. आज मी दुसरे दिले होते.”

“ते तुमाले माईत. आमाले काय माईत?”

खरंच होतं ते. आजचे शब्द दोनच माणसांनी ऐकले होते. त्यातला एक विसरला होता, साक्षीदार मी एकटी उरले होते. तरी मी मनगट सोडलं नाही.

ढाणकी एका गुणाने हरली, आणि मी खोटं सांगून गजाननला बसवलं असं गावाला वाटलं. पंगतीत रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी होती. मी बसले तशी शेजारची तिघं उठून पलीकडच्या ओळीत गेली. कालचा चहावाला वाढत होता. त्याने वाढलं आणि लगेच पुढे सरकला. मीही माणूस आहे, मला रडू आलं.

तेवढ्यात मंडपामागे गजानन ओकला. मी ताट टाकून धावले. तो प्रल्हादला विचारत होता, “भाऊ, मॅच कवा हाय?”

मिळेल ती जीप पकडून आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्याला जागं ठेवायला मी ते नवे शब्द परत परत म्हणत होते. तपासणीत डोक्यात बारीक रक्तस्राव निघाला. आणखी एक धक्का बसला असता, तर कदाचित हाती लागला नसता. प्रल्हाद माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला.

“त्याला घटकाभरही एकटं सोडू नका,” मी म्हटलं.

तो माझ्या कानामागे बघत होता. “तुमाले काय लागलं?”

“जीपचा दांडा. काही नाही.”

“गजाननही असंच म्हने,” तो म्हणाला. मग हळूच, “तुमच्यासंग कोन राह्यते घरी?”

मी गजाननचे कागद चाळत बसले. प्रल्हादने माझा नंबर तेवढा लिहून घेतला.

दोन दिवसांनी, दिवेलागणीला, नाशिकला पोचले. कुलूप काढलं, दिवा लावला, पिशवी खाली ठेवली. डोकं ठणकत होतं. प्रल्हादचा फोन आला.

“मॅडम, गजानन जेवला. बरा हाय. आता तुमी सांगा.”

“काय सांगू?”

“शब्द. जीपमधी म्हनत होत्या ते. मी ध्यानात ठेवले.”

मला हसू आलं. “पायरी, मध, बैल, सुई...”

पाचवा येईना.

“टोपी,” तो म्हणाला. “मॅडम, बाजूले कोन राह्यते?”

अकरा वर्षं मी या इमारतीत राहते. समोरच्या दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय, ते मला सांगता येईना. इतक्या लांबवरच्या माणसाने, तेही ज्याचा सामना माझ्यामुळे गेला त्याने, माझी चौकशी करावी आणि मला शेजारणीचं नाव ठाऊक नसावं.

“जा, बेल वाजवा. मी फोन धरून राह्यतो.”

मी फोन कानाला लावूनच बेल दाबली. हातात पिठाचा चमचा घेतलेल्या एका बाईने दार उघडलं.

“माझ्या डोक्याला लागलंय,” मी म्हटलं. “थोडा वेळ माझ्याजवळ बसाल का?”