आत्या, साखरपुडा आणि लाल पट्टे

मी सतरा वर्षं गोदामात माल सांभाळतोय. मालाचा एक मोठा गुण असतो, तो रुसत नाही. मिक्सर फ्रीजच्या मागे ठेवा, फ्रीज कपाटाच्या मागे ठेवा, ‘मला आधी का नाही उचललं’ असं एकही खोकं आजवर मला म्हणालेलं नाही. भिवंडीत (इथे आता घरं कमी आणि गोदामं जास्त झालीत) डिस्पॅच सुपरवायझर म्हणून माझं बरं नाव आहे. त्या नावानेच माझा घात केला.

झालं असं, की आमच्या मुलीचा, मयुरीचा, साखरपुडा ठरला. साखरपुडा मुलीच्या दारात, म्हणजे वज्रेश्वरी रोडवरून आत आमचं गाव आहे, तिथे. दोन्हीकडची मिळून दीडशे माणसं, अंगणात मांडव, दुपारची पंगत. माझे वडील, आबा, झोपाळ्यावर बसून एवढंच म्हणाले, “बाकी तुजं तू बग. माजी बहीन या दारात जेवून गेली पायजे.”

ही बहीण म्हणजे आमची ताराआत्या. गणेशपुरीच्या अलीकडे दिलेली. नऊ वर्षांपूर्वी, जुनं घर पाडून त्याच जागी बांधलेल्या आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ती सकाळच्या पहिल्या एसटीने आली, दिवसभर राबली आणि दुपारी ताट घेऊन उभी राहिली, तर केटररच्या एका नवख्या वाढप्याने तिला विचारलं, “मावशी, तुम्ही कोणाकडच्या?” आत्याने ताट खाली ठेवलं. “जितं माजी नाळ पुरली, तितं मलाच इचारता व्हय, कोनाकडची म्हनून?” एवढं बोलली, पिशवी उचलली आणि एसटी धरून गेली. तेव्हापासून भाऊबीजेला आबा तिच्याकडे जातात, ती ओवाळते, पुरणपोळी खाऊ घालते. पण आमच्या दारचं पाणी नऊ वर्षांत तिच्या घशाखाली उतरलेलं नव्हतं. आबा ते बोलून दाखवत नसत. फक्त गणपतीत नैवेद्याची पानं मांडताना एक पान जास्तीचं मांडत.

या वेळी आबा स्वतः सुपारी घेऊन तिला बोलवायला गेले. परत आल्यावर म्हणाले, “येतो बोलली. पन ‘बगीन’ असं पन बोलली.”

त्या ‘बगीन’ने माझी झोप उडाली. मी ठरवलं, की इकडची दुनिया तिकडे झाली तरी चालेल, पण या कार्यात चूक होणार नाही. आणि चूक होऊ न देण्याची मला एकच पद्धत येते.

“मनगटाला कागदी पट्टे,” मी बायकोला, सुनंदाला, समजावून सांगितलं. “गेटवर यादी बघून बांधायचे. आपली माणसं हिरवा, मुलाकडची पिवळा. पट्टा बघितला की वाढप्याला कळतं. कोणाला काही विचारायची वेळच येत नाही.”

“माणसं आहेत हो ती. खोकी नाहीत.”

“पुढे ऐक. लाल पट्टा.”

“तो कोणाला?”

आमच्या गोदामात ज्या खोक्यात काच असते त्यावर लाल स्टिकर लागतं, नाजूक, सांभाळून. ते खोकं शेवटी चढवायचं, आधी उतरवायचं आणि त्याच्यावर काही ठेवायचं नाही. तर आपल्या गोतावळ्यात जी माणसं पटकन रुसतात, त्यांना लाल पट्टा. लाल दिसला की खुर्ची पंख्याखाली, सरबत आधी, ‘जेवलात का’ असं दोनदा विचारायचं आणि पहिल्या पंगतीला बसवायचं. मी यादीसुद्धा केली होती. अकरा नावं.

सुनंदाने यादी वाचली. “अकरातली सात माझ्या माहेरची कशी?”

“योगायोग.”

“आणि आत्याचं नाव?”

“आत्या कुठल्याच यादीत नाही. ती घरची. तिला मी स्वतः फाट्यावरून घेऊन येणार.” हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे कबूल करतो.

मदतीला मी गोदामातली माणसं आणली. सरबतावर आमचा लोडिंगचा शंकर. गेटवर आमचा सिक्युरिटीवाला रामदुलार. रामदुलार म्हणजे तत्त्वाचा माणूस. एकदा त्याने खुद्द मालकाला ओळखपत्र नाही म्हणून दहा मिनिटं उन्हात उभं केलं होतं, आणि मीच त्याची पाठ थोपटली होती. मी त्याला बजावलं, “बिना पट्टे का कोई अंदर नहीं. मेरा बाप आए तो भी नहीं.” मागे झोपाळ्याची करकर थांबली. आबांनी निमूट हात पुढे केला आणि पहिला हिरवा पट्टा बांधून घेतला.

साडेदहापर्यंत सगळं असं सुरळीत चाललं होतं, की मी मनातल्या मनात इतरांना या पद्धतीचं प्रशिक्षणच द्यायला सुरुवात केली होती. मग सुनंदाचे थोरले भाऊ वसंतराव आले. त्यांचा स्वभाव शांत, म्हणून त्यांना हिरवा. ते कडेला उन्हात बसले आणि बघत राहिले, की त्यांच्या धाकट्या भावाला शंकर तिसऱ्यांदा सरबत विचारतोय.

“दाजी,” वसंतराव म्हणाले, “थोरला मी का तो?”

“तुम्ही.”

“मग त्याला लाल आन मला हिरवा?”

आता त्यांना काय सांगू, की तुम्ही रुसत नाही म्हणून हिरवा? मी हिरवा काढला, लाल बांधला. ते पंख्याखाली बसले. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं. त्यांचे मिस्टर पूर्वी सोसायटीचे चेअरमन होते, असं त्यांनी मला सांगितलं (मला माहीत होतं, ते सगळ्यांनाच माहीत आहे). त्यांनाही लाल. मग चुलतभाऊ. मग चुलतभावाचा मेव्हणा, ज्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. साडेअकरापर्यंत जन्मात कधी न रुसलेली माणसं लाल पट्ट्यासाठी रुसून बसली होती. पंख्याखाली जागा अकरा खुर्च्यांची आणि बसलेले चाळीस. सरबत निम्म्यावर आलं.

एवढ्यात मुलाचे मामा उठले. जाडजूड, मिशीवाले, मुलाकडचं सगळ्यात वजनदार माणूस.

“पाहुणे, बघतोय मघापासून. आमच्यात मानाचं कोणीच नाही काय? सगळी पिवळीच?”

साखरपुडा व्हायचा होता, अंगठ्या अजून ताटात होत्या. मी उरलेले सगळे लाल पट्टे मुलाकडच्या मंडळींना वाटून टाकले. मामांच्या जाड मनगटाला तर दोन जोडून बांधावे लागले. मामा खूश झाले. इतके खूश, की सरबत घेताना त्यांनी शंकरला सहज विचारलं, “काय रे, हा लाल म्हणजे व्हीआयपी ना?”

शंकर गुणी माणूस आहे. त्याने आयुष्यात खोटं बोललेलं मला आठवत नाही. “नाय ओ,” तो म्हणाला, “लाल म्हनजे नाजूक. रुसनारी मानसं. सायबांनी सांगितलंय, ह्यांना आपटायचं न्हाय.”

नुसता पंख्याचा आवाज. मग एका कोपऱ्यातून पट्टा फाडल्याचा आवाज आला. मग दुसरा. ज्या पट्ट्यासाठी तासभर भांडणं झाली, तो आता कोणालाच मनगटावर नको होता. “मी कुठं रुसते हो?” चेअरमनबाई रुसून म्हणाल्या. वसंतराव खुर्ची उचलून परत उन्हात जाऊन बसले. ते मला जास्त लागलं. मयुरीने खिडकीतून बापाकडे बघून कपाळाला हात लावला.

मामा हळूहळू उठले. मी हात जोडले, आणि माझी चूक झाली, पट्ट्यांची भानगड रद्द, सगळ्यांनी पट्टे काढून टाका, हा बघा मी माझाही काढला, असं म्हणून माझा हिरवा पट्टा सगळ्यांसमोर फाडून टाकला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या मनगटावरच्या दोन लाल पट्ट्यांकडे पाहिलं, आणि त्यांची बायको पदरात तोंड घालून हसायला लागली. “बरोब्बर बांधलाय,” ती म्हणाली, “एकात मावतच नाहीत ते.” मग मामाही हसले. देव त्या माउलीला सुखी ठेवो.

मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच आबांनी झोपाळ्यावरून हाक मारली. “अरं, एसटी कवाच गेली. तारा कुटं हाय?”

फाट्यावर जायचं मी साफ विसरलो होतो. चप्पल न घालता गेटकडे पळालो, गेटबाहेर पडलो आणि जागीच थिजलो. हिरव्या नऊवारीतली आत्या, फाट्यापासून भर उन्हात चालत आलेली, हातात मयुरीसाठी आणलेली पिशवी. समोर यादी धरून रामदुलार. अख्ख्या मांडवात पट्टे रद्द झाल्याचं ज्याला कोणी सांगितलं नव्हतं, असा एकच माणूस.

“माताजी,” रामदुलार अदबीने म्हणाला, “लिस्ट में नाम नहीं है. आप किसकी तरफ से?”

नऊ वर्षं. तोच प्रश्न, तेच दार, फक्त भाषा बदललेली. आत्याचा चेहरा दगडासारखा झाला. आत झोपाळ्यावर आबा उठून उभे राहिलेले मला दिसले. मला रडू यायचंच बाकी होतं.

“आत्या, थांब, चूक माझी हाय,” मी तिचा हात धरला. “रामदुलार, ये घर की है. हट.” आणि तिला घेऊन आत शिरायला गेलो.

रामदुलारने मध्ये हात घातला. “साहब, आपका पट्टा?”

“अरे, मी… वो फाड दिया.”

“तो नहीं जा सकते, साहब.” त्याला मनापासून वाईट वाटत होतं. “आपने ही बोला था, मेरा बाप आए तो भी नहीं.”

“मैं वो बाप नहीं, मैं वो हूँ जिसने बोला था!”

“वही तो, साहब. आपने बोला था.”

आम्ही दोघं उन्हात उभे. मी अनवाणी, घामाने भिजलेला. आत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या ओठाची एक कड हलली.

“तुला पन इचारलं?” ती म्हणाली.

“हो.”

“सोताच्या दारात?”

“हो ना, आत्या.”

“मग सांग की त्याला. कोनाकडचा तू?”

सतरा वर्षं गोदामात माल कोणाकडचा ते मीच विचारत आलो, पण या प्रश्नाचं उत्तर कधी मला द्यावं लागलं नव्हतं. “तुझ्याकडचा,” मी म्हणालो.

आत्या हसली. नऊ वर्षांत आमच्या दारात पहिल्यांदा. तिने पिशवी माझ्या हातात दिली, माझं मनगट घट्ट धरलं आणि रामदुलारला ठणकावलं, “सुनो भय्या, ये हमारी तरफ से है.” रामदुलार बाजूला झाला. त्या आवाजापुढे त्याची तत्त्वं टिकली नाहीत. आबा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. आत्याने तो घेतला, उभ्या उभ्या घटाघटा प्यायली आणि म्हणाली, “पंगत कोन बगतं? सगळी अशी उन्हात का बसलीत?”

पुढचं सगळं तिनेच केलं. ना यादी, ना पट्टा. वसंतरावांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं, चेअरमनबाईंना पुऱ्या लाटायला लावलं (त्या इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या), मामांच्या ताटात न विचारता चौथा गुलाबजाम टाकला. अंगठ्या झाल्या, पेढे वाटले. आणि मग आबांनी आजही शेजारी मांडलेल्या त्या जास्तीच्या पानावर आत्या जेवायला बसली. आबांचा वरण-भात मात्र बराच वेळ कालवून होत नव्हता.

मी बसलो शेवटच्या पंगतीला. अनवाणी, मळका, सदरा बाहेर आलेला. एक वाढपी पुऱ्यांची परात घेऊन आला, माझ्यापाशी थांबला आणि त्याने मला निरखून विचारलं, “काका, तुम्ही कोणाकडचे?”

मी पिशवी शोधली नाही. एसटीची वेळही आठवली नाही. पलीकडून आत्याचा आवाज आला, “वाड त्याला, वाड. माज्यासोबत आलाय तो. जरा सांभाळून, आदीच बिचारा घाबरलाय.”

सतरा वर्षांच्या अनुभवावर सांगतो, त्या दिवशी आमच्या गेटमधून अजिबात धक्का न लागता आत पोचलेला नाजूक माल एकच होता, आणि तो आत्याने हाताला धरून आणला होता.