एडनचा मासा आणि ओसरीवरचा चहा

परमुलखात ज्याच्या ताटात हात घालून जेवलात, त्याला गावच्या वेशीच्या आत ओळख देता का? मनाशी खरे उत्तर द्या, मगच पुढे वाचा.

आमचे शेजारी शमुवेलमामा जेवायला बसले की भाकरीचा पहिला तुकडा समोरच्याला देत. समोरचा कोणीही असो. "जिभेला जात न्हाई, जात उंबऱ्याला असती," हे त्यांचे ठरलेले वाक्य. राहुरीजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीतून लढाईवर गेलेले ते एकटेच. फौजेत मोटार हाकीत. पाटलांचा सर्जेरावही त्यांच्याच तुकडीत होता.

परत आल्यावर मामा लढाईबद्दल फारसे बोलत नसत. बोलत ते एडनबद्दल. मिसरला, म्हणजे इजिप्तला, जाताना आगबोट त्या बंदरात थांबली आणि शिपायांना शहर पाहायला सोडले. तिथल्या लोकांनी डोंगरातले प्रचंड हौद कौतुकाने दाखवले. "लई मोठं हौद," मामा सांगत, "आन् आत थेंब न्हाई! सर्जा म्हनला, शमू, येवढ्या लांब आपली दुस्काळी पाथर्डीच बघाया आलो का रं?"

मग दोघे एका अरबाच्या दुकानात शिरले. उभा चिरून भट्टीत भाजलेला मासा, थाळ्याएवढी रोटी, आणि थाळा दोघांत एकच. मामांनी माशाचे डोके उचलले, तर सर्जेरावाने ते त्यांच्या हातातून ओढले. "डोकं मला दे. मोटार हाकाया तुला अक्कल कशाला लागती?" हसत हसत त्याच थाळ्यावर ठरले, की गावी गेल्यावर लॉरी घ्यायची; लॉरी सर्जेरावाची, चाक मामांच्या हाती. मामा त्या आशेवरच परतले.

लढाई संपली. सर्जेरावाने लॉरीची बोलणीही केली. एके दिवशी त्याने ओसरीवर गाव जमवला, एडन ऐकवायला. मामांना साक्षीला बोलावले आणि अंगणात बसवले. त्यांच्याशेजारी मातीत मीही बसलो. आता मामा त्याला 'पाटील' म्हणत होते, तेच मला आधी खुपले.

माशाचे वर्णन रंगात आले असताना सर्जेरावाच्या चुलत्याने विचारले, "त्या थाळ्याला तुज्यासंगं कोन हुतं रं?"

सर्जेराव मामांकडे न बघता म्हणाला, "कोन असनार, तात्या? मी येगळा बसलो हुतो. इचारा की शमुवेलाला."

तेवढ्यात चहा आला. ओसरीवर कपबशा फिरल्या. मामांना अंगणाच्या भिंतीतला कोनाडा दाखवला गेला. तिथे एक कान तुटलेला कप होता, आत कोळ्याचे जाळे. तो त्यांनी स्वतः धुवायचा, खाली ठेवायचा, मग वरून चहा पडणार. आजही आठवले की मला किळस येते. जाळ्याची नव्हे; इतके खोटे बोलून त्याच तोंडाने फुरके मारणाऱ्या माणसाची, आणि माना डोलावणाऱ्या त्या सगळ्या ओसरीची.

"सांग की रं, शमुवेल," तात्या म्हणाले. "येगळा बसला हुता ना?"

नुसते 'व्हय' म्हटले असते, तर लॉरी त्यांची होती. मामांनी कप पायरीवर पालथा घातला.

"सर्जा, माशाचं डोकं तू माज्या हातातनं वढलंस. लई भूक लागल्ती तुला. त्यात लाजायचं काय?"

"खोटं बोलतोय त्यो!" सर्जेराव ओरडला. "हाकला त्याला! आन् लॉरीचं नाव काढू नगंस पुन्ना!"

"चाक तुजं तुला," मामा म्हणाले. "पन जेवलेलं नाकारू नगं."

लॉरीवर दुसरा माणूस बसला. मामा मामीला घेऊन संगमनेरला गेले ते कायमचे. ओसरीवरच्या एकाही शहाण्याने त्या दिवशी तोंड उघडले नाही. त्यांतलेच काही आता सभांतून स्वातंत्र्याच्या भाषणांना टाळ्या पिटतात. कुणाचे स्वातंत्र्य?

वाचकहो, असा वेगळा कप तुमच्या भिंतीतही असेल. तो गुपचूप फेकून देऊ नका. उद्या चार पाहुणे बसलेले असताना तो काढा, आणि सर्वांदेखत त्यातून आधी स्वतः चहा प्या. मग फोडा.